एक खुर्ची, दोन जोड्या

"…म्हणजे चार ओहमचे ठेवू की आठ, स्वामीजी?"

मठाच्या ओसरीवर बसलेल्या सगळ्यांच्या माना वळल्या.

विश्वेशच्या आधी एका बाईंनी मनःशांतीबद्दल विचारलं होतं आणि त्यांच्या आधी एका निवृत्त तहसीलदारांनी मोक्षाबद्दल. विमलबोधस्वामींनी दोघांनाही "पाहू" एवढंच सांगून डोळे मिटून घेतले होते.

आता ते डोळे उघडले. नुसते उघडले नाहीत, लकाकले.

"कसले चार? कसले आठ?"

"स्पीकर. ॲम्प्लिफायर घरी आहे, त्याला शोभतील असे स्पीकर हवेत. फडताळावर मावतील एवढेच. दोन जोड्या आणल्यात, एक ठेवायची, एक उद्या परत करायची."

तहसीलदारांनी घसा खाकरला. हा काय मठात विचारायचा प्रश्न झाला?

"पुढे ये," स्वामी म्हणाले. "असा जवळ बस. देवाबद्दल विचारणारे रोज येतात रे. स्पीकरबद्दल विचारणारा इतक्या वर्षांत तू पहिला!"

आता हे गुपित मिरजेत फार थोड्यांना ठाऊक होतं की, भगवी वस्त्रं घेण्याआधी स्वामी पुण्याच्या एका कारखान्यात लाउडस्पीकर बनवत असत. विश्वेशने ते कुठूनसं हुडकून काढलं होतं आणि रविवारची सकाळ गाठून, स्कूटरला किक मारून तो थेट दंडोबाच्या डोंगराच्या वाटेवरच्या या मठात येऊन थडकला होता. असल्या बाबतीत तो फार चिवट. कुपवाडच्या कारखान्यात इंजिनिअर होता, या विषयावरचं मिळेल ते सगळं त्याने वाचून काढलं होतं, आणि कुणी एक वाक्य बोललं की त्यातल्या दोन चुका काढायची त्याला खोड होती.

"ॲम्प्लिफायर कसला?" स्वामींनी विचारलं.

"व्हॉल्व्हचा."

"अहाहा! कितीचा?"

"पंधरा वॅट."

"खोली?"

"लहानच."

"मग पुष्कळ झाले. त्याच्या पाठीला चारचीही जोडणी असेल, आठचीही?"

"आहे."

"मग अडलं कुठे? पत्रिका दोघींशीही जुळते."

"तिथंच तर अडलंय, स्वामीजी! एकीशी जुळली नसती तर दुसरीशी लग्न लावून मोकळा झालो असतो."

स्वामी खो खो हसले. ओसरीवरच्या मंडळींनी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"मुली कशा आहेत?"

"एक काळी आहे, चार ओहमची. वजनदार. तिला ॲम्प्लिफायर जरा जास्त पिळावा लागतो, पण तबला असा वाजतो की बोटं मोजावीत. दुसरी लाकडी, आठची. कागदी पडदा. थोडक्यात भागतं तिचं. गळा छान येतो, पण डग्गा जरा हातचं राखून."

"दोघींना सारख्याच आवाजावर ऐकलंस? मोठ्याने वाजेल ती नेहमीच बरी वाटते."

"मीटर लावून!" विश्वेशची छाती इंचभर फुगली. "ते मला माहीत होतं."

"हुशार आहेस."

विश्वेशला ही शाबासकी वाटली.

"इतकं सगळं माहीत आहे," स्वामी म्हणाले, "मग तुला हवंय काय त्या स्पीकरमधून?"

इतका वेळ लाह्या फुटाव्यात तसा बोलणाऱ्या विश्वेशने आवाज खाली आणला.

"…अण्णांची 'वा', स्वामीजी."

त्याचे वडील, गुंडोपंत भिलवडीकर. पेटीवाले. मिरजेत, सांगलीत, पार चिकोडी-निपाणीपर्यंत गाण्याच्या बैठकीत त्यांची पेटी असे. पण पेटीपेक्षा नाव होतं ते त्यांच्या 'वा'चं. ऊठसूट दाद देणारा माणूस नव्हे. अख्ख्या बैठकीत एखादी 'वा' जायची, आणि ती मिळाली की गाणारा बिदागी विसरून घरी जायचा, असं लोक म्हणत. मग बोटांचे सांधे आखडले. अण्णांनी पेटी एका भजनी मंडळाला देऊन टाकली आणि त्या दिवसापासून गाणं म्हणून ऐकलं नाही. रेडिओ लागला की उठून परसात जायचे.

"मला वाटलं, आवाज जर खरा आला, अगदी समोर बसून गातायत असा आला, तर ते ऐकतील. राहवणारच नाही त्यांना. एकदा, स्वामीजी, फक्त एकदा त्यांनी 'वा' म्हणावं. त्यासाठीच हा सगळा खटाटोप. आता एवढी एक निवड चुकली तर…"

स्वामी उठले. छाटी खोचली.

"चल."

"कुठे?"

"तुझ्या घरी. स्कूटर आणलीयस ना?"

"स्वामीजी," तहसीलदार कळवळले, "माझा तो मोक्षाचा…"

"तो कुठे पळतोय? आल्यावर बघू."

वाटभर स्वामी मागच्या सीटवरून विश्वेशच्या कानात ओरडत होते. कागदी पडदा कुठल्या प्रतीचा? कडा रबराची की कापडाची? खोक्याला भोक पुढून की मागून? वारा निम्मे शब्द उडवून नेत होता, तरी विश्वेश जिवाच्या आकांताने उत्तरं देत होता. त्याच्या अंगात नुसतं उधाण आलं होतं. गुरू भेटला तर असा! तासाभरात निकाल लागणार, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ब्राह्मणपुरीतल्या घरी पोचल्यावर त्याने आधी खोली दाखवली. दाखवण्यासारखीच होती. भिंतींना जाड पडदे, खाली सतरंजी. एका फडताळावर काळी जोडी, तिच्या शेजारी लाकडी. मध्ये ॲम्प्लिफायर, त्याच्या डोक्यावर जुन्या रेडिओत असायच्या तसल्या व्हॉल्व्हच्या काचा. आणि समोर, खडूने आखलेल्या चौकोनात, एक खुर्ची.

विश्वेशने बटण दाबलं. काचांमध्ये हळूहळू तांबूस उजेड आला.

"बसा, स्वामीजी."

स्वामी बसले नाहीत. खोलीभर बघत राहिले.

"बाकीचे कुठे बसतात?"

"बाकीचे म्हणजे?"

"ऐकणारे."

"ऐकायची जागा एकच असते, स्वामीजी." विश्वेशला गुरूंची जरा कीव आली. जुन्या काळचा माणूस. "दोन्ही स्पीकरपासून सारखं अंतर. इथून वीतभर सरकलं की सगळं बिघडलं."

"अण्णा बसले होते इथे?"

"बसवलं होतं की! म्हटलं, मान हलवायची नाही. हलवलीत की वरचे सूर बदलतात."

"मग?"

"मग थोडं वाजवलं. थांबवलं. वायरी बदलल्या, मीटर बघितला, परत तेवढंच वाजवलं. विचारलं, आता कसं? पुन्हा बदललं. आता कसं?"

"काय म्हणाले?"

"चांगलं आहे म्हणाले."

"कुठल्या जोडीला?"

"दोन्हीला." विश्वेशचा चेहरा उतरला. "मग म्हणाले, लघवीला जाऊन येतो. ते काही परत आले नाहीत."

स्वामींनी हात पुढे केला. "काय वाजवलंस?"

विश्वेशने कॅसेट काढून दिली. अंबूताईंची जुनी बैठक, शुद्ध कल्याण. अंबूताई मिरजेच्याच, आता हयात नाहीत. कुणा शौकिनाने समोर बसून उतरवून घेतलेली ही एकुलती एक कॅसेट.

"साथीला कोण?"

"पेटीवर अण्णाच! म्हणून तर हीच निवडली."

"कशी वाजवलीय?"

"ती… पुढे येते. अण्णांची पद्धत होती, गाणाऱ्याचा षड्ज नीट बसल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. सुरुवातीला नुसते तंबोरे आणि अंबूताई. तपासायला तेवढंच बरं पडतं, स्वामीजी. तंबोऱ्यात सगळं कळतं, वरचं, खालचं…"

"पुढे म्हणजे कुठे?"

"असेल थोडी पुढे."

"तू कुठपर्यंत ऐकलंयस?"

"तंबोऱ्यापर्यंत."

स्वामींनी कॅसेट खिडकीतल्या उजेडात धरली. सुरुवातीची टेप पुन्हापुन्हा मागे घेऊन पार चुरगळली होती. आतला गुंडाळा मात्र जसाच्या तसा होता, जणू कालच दुकानातून आणलेला.

विश्वेशलाही ते दिसलं.

स्वामींनी वाकून खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली आणि स्वयंपाकघरातून थेट परसात चालू लागले.

"स्वामीजी! अहो, ती आखलेल्या जागेवरून…"

परसदारी पायरीवर अण्णा पावटे सोलत बसले होते. समोर परात, मांडीवर शेंगांचं सूप. बोटं नीट वळत नव्हती, तरी हे काम ते कुणाला करू देत नसत. डोक्यावर खुर्ची घेतलेला भगव्या वस्त्रांतला माणूस घरातून बाहेर येताना बघून त्यांनी चष्मा वर सरकवला.

"आपण कोण?"

"स्पीकर लावायला आलोय," स्वामींनी सांगितलं.

"मेकॅनिक का?"

"होतो पूर्वी."

"असं होय. असू दे की." अण्णांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कपडे बरे दिलेत कंपनीनं."

स्वामींनी खुर्ची न्हाणीघराच्या भिंतीला उलटी टेकवून ठेवली, पाय वर करून. मग विश्वेशकडे वळले.

"तू इथे बस. पावटे सोल."

"मी? पण मग निवडायचं कसं? आत बसल्याशिवाय कळणार कसं मला?"

"आणि 'आता कसं' असं विचारायचं नाही."

"निदान कुठली जोडी लावणार तेवढं तरी…"

स्वामी आत गेले. दार उघडंच राहिलं.

विश्वेश पायरीवर टेकला. त्याची अवस्था अशी झाली होती की, परीक्षेला बसलेल्याला वर्गाबाहेर काढून आतून पेपर ऐकवावा. त्याने एक शेंग उचलली, उलटी मोडली. दाणा पायरीखाली पडला.

"देठाकडनं मोडायची," अण्णा म्हणाले.

आत वायरी हलल्याचा आवाज झाला. मग कळ दाबल्याचा. आणि स्वयंपाकघर ओलांडून, चुलीवरच्या आमटीच्या वासासकट, तंबोरे बाहेर आले.

विश्वेशचे कान टवकारले. काळी! नक्की काळी, खालचा तंबोरा भरलेला आहे. …नाही. एवढा मोकळा येतोय म्हणजे लाकडी. पण मग खरज इतका? इतक्या लांबून, भिंतीआडून, छे, काहीच सांगता येईना. उठून नुसतं दारातून डोकावावं, की निकाल लागेल. त्याने गुडघ्यावर हात टेकला.

अंबूताईंनी षड्ज लावला.

अण्णांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

ते आता उठणार आणि चालू लागणार, विश्वेशला माहीत होतं. विहिरीकडे जातील, नाहीतर फाटकाशी. पण कुणी मान धरून बसवलेलं नव्हतं, कुणी तोंडाकडे टक लावून बघत नव्हतं, आणि परात अर्धीच भरली होती. अण्णा बसून राहिले.

"थंडी होती त्या दिवशी," ते परातीकडे बघत म्हणाले. "आवाज तापेना तिचा."

ज्या जागी विश्वेशचा अंगठा रोज कळ दाबून टेप थांबवत असे, ती जागा आली. त्याचा अंगठा खरोखरच हलला.

ती गेली. गाणं पुढे निघालं.

आणि मग हलकेच, कुणाला धक्का न लावता, पेटी आत आली.

विश्वेश ऐकतच राहिला. लहानपणी झोपेत, भिंतीपलीकडून ऐकलेला हा हात. त्याला वाटायचं, तो आपल्याला पाठ आहे. काही पाठ नव्हता! सूर दाबायच्या आधी तो किंचित थांबायचा, पाहुण्याला आधी आत जाऊ द्यावं तसा. हे त्याने आयुष्यात आज पहिल्यांदा ऐकलं.

"इथं घाई केली मी," अण्णा एकदम म्हणाले.

"कुठे?"

"गेलं ते. पुढं ऐक."

सूप मांडीवरून खाली उतरलं. आखडलेली बोटं परातीच्या काठावर आली आणि जमेल तशी हलू लागली.

"आता बघ हां." अण्णांनी आवाज बारीक केला, जणू आत बसलेल्या अंबूताईंना ऐकू जाईल. "आता ती फसवणार मला. पंचमावर येत्ये असं दाखवील… दाखवील… मी तिथं जाऊन थांबलो, बघ, बसलोय वाट बघत…"

"आणि?" विश्वेशने हात लांबवून त्यांचा गुडघाच धरला.

"गप! …गेली की वरनं! बघितलंस? मला ठेवलं पंचमावर वाळत घालून आणि स्वतः गेली वर!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करतोय बापडा? पळालो मागं. ऐक, पळतोय बघ, पळतोय… हा गाठला धैवत, हा धरला षड्ज…"

आत पेटी खरंच धावत होती. तबल्यावर कोण होतं कोण जाणे, तोही हसत असावा असा वाजवत होता. अंबूताईंनी वरून एक तान सोडली, ती गिरक्या घेत, मध्येच हुलकावणी देत खाली आली, पेटी तिच्या पदराला धरून आली, आणि तिघं मिळून समेवर अशी पडली की पायरीवरचे दोघंही जागचे हलले.

"वा!"

अण्णांनी हात वर उडवला. पावटे परसभर झाले.

"वा, अंबू! वा!"

विश्वेशला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि यातलं काहीच लपवावं असं त्याला वाटेना. या 'वा'साठी त्याने किती वाट बघितली होती! आणि ती आली तेव्हा, खरं सांगायचं तर, तो तिची वाट बघत नव्हता. त्याचं सगळं लक्ष समेकडे होतं, आणि त्याच्याही तोंडून त्याच क्षणी तोच शब्द निघाला होता. अण्णांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, बैठकीत शेजारी बसलेल्या जाणकाराकडे बघतात तसं.

"कळलं तुला?"

"कळलं, अण्णा."

"मग ये इकडं. लांब काय बसलास?"

लेक बापाला खेटून बसला. त्यानंतर दोघं बोलले ते एवढंच, मधूनमधून, "हं", "अरे", "बघ हां", आणि आणखी एक 'वा', या खेपेला हळू आवाजात.

मग आत खट् झालं. बाजू संपली.

अण्णा उठले. गुडघ्यावर हात टेकून, पण चटकन उठले. पावटे तुडवत, स्वयंपाकघर ओलांडत खोलीत गेले. मागोमाग विश्वेश.

स्वामी सतरंजीवर, अगदी कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसले होते. एक स्पीकर जवळ, एक लांब. जिथे वीतभर सरकलं की सगळं बिघडतं, तिथून चांगले चार हात दूर. चेहरा असा फुलला होता की, या माणसाला मठात कुणी ओळखलं नसतं.

अण्णा त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"पंचमावर ऐकलंत?" अण्णांनी विचारलं.

"ऐकलं की! काय वाळत घातलंय तुम्हाला!" स्वामींनी मांडीवर थाप मारली.

आणि दोघं म्हातारे शाळकरी पोरांसारखे हसत सुटले.

विश्वेशला आत्ता आठवण झाली. उद्या एक जोडी परत करायची होती. तो लगबगीने फडताळाकडे धावला.

"स्वामीजी, कुठली होती? काळी की लाकडी?"

स्वामी अण्णांना काहीतरी विचारत होते, बहुधा त्या धैवताबद्दल.

"स्वामीजी! मिळाली ना 'वा'! आता फक्त सांगा, कुठल्या जोडीवर?"

विश्वेशच शेवटी गुडघ्यांवर बसला आणि ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे वायरी कुठे गेल्यात ते बघायला वाकला.

खांद्यावर हात पडला. स्वामी केव्हा उठून आले, त्याला कळलंच नव्हतं. त्यांच्या दुसऱ्या हातात ती कॅसेट होती, काढून उलटी केलेली.

"वायरी नंतर बघ," स्वामी म्हणाले. "आधी दुसरी बाजू लाव."